गोलकिकपुरती कळ

२६ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मैदानावर सामना सुरू होऊन अर्धा तास झालेला, सूर्य नुकताच बुडालेला. क्रिस्टल पॅलेसचा गोलरक्षक ग्वाइता याला गोलकिक मारायची होती. पण गडी मुद्दाम रेंगाळला. तेवढ्यात लेस्टरच्या वेस्ली फोफानानं आणि पॅलेसच्या कुयातेनं मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला आणि दोघं पुन्हा खेळायला लागले. ना गाजावाजा, ना घोषणा. दोन्ही कर्णधार आणि पंच यांच्यात आधीच ठरलं होतं. पाश्चात्त्य देशात ईमान राखून जगणं म्हणजे घड्याळाशी रोजची अशीच तडजोड. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. जुहर, असर आणि मगरिब अशा तिन्ही नमाजांच्या वेळा कचेरीतच गाठतात. जूनमध्ये उलटी तऱ्हा: इशा रात्री उशिरा, फजर भल्या पहाटे, मग झोपायचं कधी? हे गणित श्रद्धाळू माणूस आपलं आपण सोडवतो. शेजाऱ्यानं फक्त मिनिटभर कळ काढायची असते. २०२३ च्या रमजानात इंग्लंडमधल्या पंचांना असा खेळ थांबवायची मुभा दिली गेली. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघानं मात्र आपल्या पंचांना नियमावर बोट ठेवून मनाई केली. शिस्त दोघांनाही हवी होती, समजूत एकानंच दाखवली. एका गोलकिकला उशीर झाला म्हणून ना इंग्लंड बुडालं, ना फुटबॉल.