कमला मिलची दुसरी बाजू

संपादक महोदय,

लोअर परळच्या रात्रजीवनावरील तुमच्या लेखात कमला मिलची रोषणाई, संगीत, खाणेपिणे सारे आले. 29 डिसेंबर 2017 मात्र आला नाही. त्या दिवशी मध्यरात्रीनंतर तिथल्या गच्चीवरील पबमध्ये लागलेल्या आगीत 14 जणांचा जीव गेला. स्वच्छतागृहात आसरा घेतलेले अनेक जण गुदमरले.

हे गाळून त्या भागाची ओळख पुरी होत नाही.

मद्य रात्रभर मिळते, हे लेखातील विधानही चुकीचे आहे. राज्य सरकारच्या जानेवारी 2020च्या निर्णयाने मुंबईच्या अनिवासी भागांतील मॉल, दुकाने व उपाहारगृहांना रात्रभर उघडे राहण्याची मुभा मिळाली. मद्यविक्रीची दीड वाजताची मर्यादा तेव्हा कायम राहिली.

वाचकांनी तिथे जरूर जावे. पण आत शिरताच बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग पाहून ठेवावा.

— एक वाचक, मुंबई