पाच माणसे, अडीच तिकिटे

शाळू पोटरीला येतो त्या सुमारास घरोघरी एक चिठ्ठी येते. शाळेची सहल अमुक तारखेला निघणार, पैसे आठ दिवसांत भरावेत. खरिपाचा पैसा देणी भागवण्यात गेलेला, उसाचे बिल अजून यायचे. घरात शाळेत जाणारी दोन लेकरे असली तर दोघांचे पैसे एकदम निघत नाहीत. मग चुलीपुढे न्यायनिवाडा होतो. "या सालाला दादा जाऊ दे, पुढच्या सालाला तू जा." पुढच्या सालालाही चिठ्ठी पैसे नसतानाच येते, आणि मागे राहिलेली ती बहुतेक वेळा मुलगीच असते.

"शेतकऱ्याच्या पोरांना कसली आलीय सहल?" असे म्हणणारे पारावर नेहमीच भेटतील. त्यांना विचारावेसे वाटते, आपले आजे-पणजे काय घरात कोंडून घेऊन बसले होते? शिंगणापूरला जात होते, पालीच्या खंडोबाला गाड्या जुंपत होते. यात्रेत देवदर्शन व्हायचे आणि पाळणा, तमाशा, मौत का कुवाही व्हायचा. हौस तेव्हाही होती. पाळण्याची जागा आता मोठ्या उद्यानांनी घेतली एवढेच. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, त्याचे नाव टीव्हीमुळे वाडीवस्तीपर्यंत पोचले. ते आता बंद पडले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघाले, जिल्ह्याजिल्ह्यांत पाण्याची लहानमोठी उद्याने झाली. पोरांना हे सगळे मोबाईलवर दिसते आणि त्यांना जावेसे वाटते. त्यात त्यांचा गुन्हा काही नाही.

चुकते ते हौस भागवण्याच्या पद्धतीत. आमच्या माहितीतले एक गृहस्थ आहेत, चार एकर बागायत. पोरांच्या हट्टापायी सोसायटीच्या पीककर्जातले पैसे मोडले, गावातली गाडी भाड्याने केली आणि जोडून आलेल्या सुट्टीत सहकुटुंब खोपोली गाठली. निम्मा दिवस रांगेत गेला. परत आले ते चिडचिड घेऊनच. पुढे कर्ज भरायला त्या रकमेची तूट आली आणि मुदत टळली. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत चुकली की ती सवलत गेली. सहलीचा खर्च एका दिवसात संपला, व्याज मात्र चालूच राहिले. मोबाईलवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाची तर गोष्टच काढू नका. बचत गटातल्या बायांनीही सहलीसाठी गटाचे कर्ज उचलू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, दवाखान्यासाठी असावे.

मग पैसा आणायचा कुठून? ज्याच्या दावणीला दोन दुभती जनावरे आहेत, त्याने डेअरीच्या पगाराकडे पाहावे. दहा दिवसांचा पगार धरला तर वर्षात छत्तीस पगार होतात. दर पगारातले २०० रुपये बाजूला टाकले की वर्षाचे ७२०० आणि दोन वर्षांचे १४,४०० होतात. हे पैसे घरच्या डब्यात ठेवू नयेत, ते खतात जातात हा सगळ्यांचाच अनुभव आहे. पोस्टात किंवा बँकेत मुलांच्या नावाने वेगळे खाते असावे आणि पासबुक मुलांच्याच हातात द्यावे. मग बघा, पगार झाला की तीच आठवण करून देतात!

आता खर्च पाहू. नवरा, बायको, आठ आणि दहा वर्षांची दोन मुले आणि शहात्तर वर्षांची आजी असे घर धरा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. म्हणजे कारभाऱ्याचे एक, कारभारणीचे अर्धे, मुलांचे अर्धे-अर्धे आणि आजीचे काहीच नाही. पाच माणसे, अडीच तिकिटे! साताऱ्याकडून खोपोलीपर्यंत पूर्ण तिकीट साडेतीनशे धरले तरी जाऊन-येऊन साडेसतराशेच होतात. भाड्याची गाडी, डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मिळून सात-आठ हजारांच्या खाली येत नाही. रातराणीने निघावे, सकाळी पोचावे. वयाचा पुरावा म्हणून आजीचे आधार कार्ड मात्र न विसरता घ्यावे, नाहीतर कंडक्टरशी हुज्जत घालत बसावे लागते.

उद्यानाचे तिकीट हाच मोठा खर्च. दर दिवसागणिक बदलतात, म्हणून हिशोबापुरते चौघांचे दीड-दीड हजार आणि ज्येष्ठ म्हणून आजीचे हजार धरू. हे झाले ७०००. खोपोलीहून रिक्षाचे ६००, खाण्याचे २००० आणि किरकोळ ५०० धरले तर एसटीसह सगळे बारा हजारांच्या आत बसते. मग दोन वर्षांतून एकदा ही मोठी सहल आणि मधल्या वर्षी दोन-अडीच हजारांची लहान सहल, असे गणित त्याच १४,४०० मध्ये जमते. लहान सहलीला कोल्हापूरजवळचा कणेरी मठ चांगला. तिथे बारा बलुतेदारांचे, जुन्या गावगाड्याचे देखावे मूर्तींत उभे केले आहेत. तिथे नातवंडांना माहिती सांगायला आजीच पुढे होते, हे आम्ही पाहिलेले आहे.

तिकिटात वाचवायची एक सोय शेतकऱ्याला आहे आणि ती शहरातल्या नोकरदाराला नाही. त्याला रविवार धरावा लागतो, आपल्याला नाही. बहुतेक उद्यानांत आठवड्याच्या मधल्या वारी दर उतरलेले असतात आणि गर्दीही कमी असते. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतला मंगळवार-बुधवार गाठावा. तिकीट दारावर न काढता आधी मोबाईलवर काढले तर बऱ्याचदा स्वस्त पडते, गावातला कुठलाही कॉलेजचा पोरगा काढून देईल. लहान मुलांचे तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नव्हे, उंचीवर असते, तेव्हा निघण्याआधी दाराच्या चौकटीला उभे करून मुलांची उंची मोजा. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागतात. तिथे ते भाड्याने घेण्यापेक्षा आठवडी बाजारातून घेऊन जावेत, पुढच्या खेपेलाही होतात. घरची भाकरी-चटणी बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. हा नियम आम्हाला पटत नाही, पण दारावर भांडून उपयोग होत नाही. एसटी स्टँडवरच पोटभर न्याहारी करून आत शिरावे म्हणजे दुपारच्या एका जेवणावर भागते.

पैशापेक्षा अवघड अडचण वेगळीच आहे. "आम्ही सगळी गेल्यावर धार कोण काढणार?" या एका प्रश्नावर कितीतरी बेत मोडतात, नाहीतर आई मागे राहते. लेकरे परत येऊन गमती सांगतात आणि ती चुलीपुढे बसून ऐकते. पेरणीला, मळणीला आपल्याकडे सावड चालते, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मग दोन दिवसांच्या धारेची, वैरणपाण्याची सावड का चालू नये? भावकीतल्या चार घरांनी बोलून ठरवले तर वर्षभरात चारी घरांतल्या बाया घराबाहेर पडू शकतील. भावकीत बोलणे बंद असेल तर शेजाऱ्याशी बोला.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीची मंडळी हे पान वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांना. शाळेची सहल डिसेंबरात ठरवून आठ दिवसांत पैसे मागू नका. जूनमध्ये शाळा उघडली की पालक सभेत ठिकाण आणि रक्कम सांगा आणि महिन्याला हप्ता घ्या. सहाशे रुपये एकदम काढताना ज्याचा जीव जातो, तो महिन्याला शंभर देतो. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. असे असताना खाजगी गाडी कशासाठी ठरवली, हे पालकांनी सभेत जरूर विचारावे. ज्या घरी हप्ताही जमणार नाही, त्या लेकरांची नावे मुख्याध्यापकांना जूनमध्येच कळतात. त्यांची सोय तेव्हाच करता येते, सहलीच्या आदल्या दिवशी नाही.

गावच्या कुटुंबांची एकत्र सहल काढायची असेल तर त्यालाही वाट आहे. आषाढीला चाळीसेक वारकरी जमले तर पंढरपूरसाठी एसटी थेट गावात येते, हे आपण पाहतो. तशीच मागणी आगारात करून पाहावी. ग्रामपंचायतीच्या कागदावर आगार व्यवस्थापकांच्या नावाने अर्ज लिहावा. त्यात तारीख, ठिकाण, निघायची वेळ आणि प्रवाशांची यादी असावी. यादीत पुरुष, महिला, बारा वर्षांखालील मुले आणि पंचाहत्तरीपुढचे ज्येष्ठ वेगवेगळे दाखवून कोणती सवलत लागू होईल ते आगारातच विचारून घ्यावे. अर्ज निदान महिनाभर आधी द्यावा आणि पोच घ्यायला विसरू नये.