कार्ड आहे, पण तपासणी?

सैनिकाच्या घरात उपचाराच्या खर्चाची चिंता नसते, असे आपण मानतो. २००३ साली सुरू झालेल्या ‘ईसीएचएस’ योजनेमुळे माजी सैनिक व त्यांच्या पत्नीला संलग्न रुग्णालयांत कर्करोगाचे उपचारही कॅशलेस मिळतात. अशा हमीचे मोल मोठे आहे. अमेरिकेत लष्करी आरोग्यव्यवस्थेतील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण सर्वसामान्य रुग्णांपेक्षा जास्त काळ जगतात, असे अभ्यासात दिसले आहे. उपचार सहज मिळणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

मात्र हमी सर्वांपर्यंत सारखी पोहोचत नाही. निवृत्त अधिकारी बहुधा शहरात स्थायिक होतो. जवान सातारा-कोल्हापूरकडच्या आपल्या गावी परततो. तिथून पॉलिक्लिनिक लांब आणि रेफरल मिळाल्यावर गाठायचे मोठे रुग्णालय आणखी लांब. सोबत येणारे कुणी नसले, की वीरपत्नी किंवा वृद्ध विधवा स्तनातली न दुखणारी गाठ महिनोन् महिने अंगावर काढते. तंबाखूची सवय असलेला माजी जवान तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याकडे दुर्लक्ष करतो. आजार लवकर सापडला तर बरे होण्याची शक्यता चांगली असते; पसरल्यावर मात्र तेच कार्ड अपुरे पडते.

म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी माजी सैनिकांच्या मेळाव्यातच तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी ठेवावी. सरकारी आरोग्य कार्यक्रमात तिशीनंतर या तपासण्या मोफत आहेत. मेळाव्याला जाताना पत्नीलाही सोबत न्या.