खापर एकट्या कोंबडीवाल्यावर नको



औषधांना दाद न देणारे जंतू पोल्ट्रीतूनच येतात, हे गेल्या रविवारच्या पत्रातले म्हणणे अर्धेच खरे आहे. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटच्या फळीतले औषध. त्याला निकामी करणारे जनुक चीनमधल्या डुकरांतल्या जंतूंत सापडल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले, पुढे ते देशोदेशी आढळले. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनला बंदी घातली, हे योग्यच झाले.

पण शेडवर काय घडते? करारावरच्या ब्रॉयलर धंद्यात पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची; शेड, वीज आणि राबणे आमचे. चार पिल्ले मान टाकून बसली की प्रतिजैविकाची पावडर पाण्याच्या टाकीत पडते आणि धडधाकट पक्षीही तेच पाणी पितात. आजार जंतूंचा की विषाणूचा, हे पाहायला सवड कुणाला? (सर्दीला चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून प्रतिजैविके आणणारी माणसेही हेच करतात, ते पत्रात राहून गेले.)

युरोपीय संघाने निव्वळ वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देणे 2006 पासून बंद केले; तिथला कुक्कुटपालन धंदा बुडाला नाही. शासनाने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जंतुतपासणीची सोय करावी. मग बंदीला अर्थ येईल.

– एक ब्रॉयलर उत्पादक, नाशिक