भुईची ऊब आणि खाटेखालची शेगडी

मार्गशीर्ष लागला की भोर-वेल्ह्यातील वयोवृद्ध मंडळी एकच तक्रार घेऊन येतात : रात्री अंगात ऊब राहत नाही. अशाच एका आजींच्या परदेशस्थ मुलाने मला विचारले, "डॉक्टर, इकडे आमचे घर जमिनीतल्या उष्णतेवर तापते. आईसाठी गावी तशी सोय करता येईल का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. थंडीच्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, हे आपण जाणताच. जमिनीच्या पोटात हवेइतका चढउतार नसतो. स्वीडन, कॅनडासारख्या देशांत अंगणात साधारण दीड मीटर खोल चर खणून प्लास्टिकच्या लांबलचक नळ्या आडव्या पुरतात. त्यांतून न गोठणारे द्रावण फिरते आणि हीट पंप ती उष्णता घरात आणतो. विजेच्या एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता मिळते. भातखाचराची ओलसर माती त्यासाठी चांगलीच. उतारावरच्या घरांना मात्र थोडे खणताच काळा पाषाण लागतो. तरीही मी 'नको' म्हटले, ते पाषाणामुळे नव्हे. आपली कडक थंडी दोन-अडीच महिन्यांची, तीही रात्रीची. आणि कौलांच्या फटींतून ऊब निसटणार असेल, तर नळ्या पुरून काय उपयोग?

मला चिंता होती ती आजींच्या खाटेखालच्या शेगडीची. धूर सरलेले लाल निखारे निर्धोक वाटतात. पण बंद खोलीत त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू साचतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी यांना आपण पित्त किंवा म्हातारपण समजतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही येथे फसवतो; आकडा चांगला दाखवतो. अशा वेळी दारे उघडा, रुग्णास मोकळ्या हवेत आणा आणि तत्काळ रुग्णालय गाठा. तेथे प्राणवायू मिळणे महत्त्वाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने थंड ऋतूत घरात किमान 18 अंश तापमान सुचवले आहे. त्यासाठी सबंध घर नको, निजण्याची एक खोली पुरे. भिंतीवर तापमापक लावा, खाट दगडी भिंतीपासून दूर सरकवा, कानटोपी व पायमोजे विसरू नका. मधुमेह असल्यास गरम पाण्याची पिशवी पायांशी ठेवू नका. बधिर पाय भाजलेले कळत नाहीत.

आजींच्या खोलीला मुलाने कौलांखाली फळ्यांचे छत करून घेतले, शिवाय तेलाचा विद्युत हीटर आणला. शेगडी ओसरीवर गेली आहे. आजी संध्याकाळी तिथेच हात शेकतात.