हे देणे आहे, दान नव्हे

रात्रपाळी संपवून मोटारसायकलने घरी निघालेल्या कामगाराला ट्रक चिरडतो आणि अंधारात नाहीसा होतो. ट्रक सापडला, तर न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई आणि आश्रित पाहून भरपाई ठरवते. न सापडला, तर २०२२ च्या योजनेनुसार सरसकट २ लाख. गंभीर जखमीला ५० हजार! तपासातील अपयशाचा दंड विधवेने भरावा, हा कुठला न्याय?

तेवढेही पदरी पडत नाही. २०२२ मध्ये देशात असे ६७,३८७ अपघात झाले. २०२२-२३ मध्ये दावे आले अवघे २०५, निकाली निघाले ९५. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हे आकडे नोंदवले आणि महिन्याभरात वाहनाचा पत्ता न लागल्यास पोलिसांनी पीडितांना योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश दिला. परंतु माहिती म्हणजे भरपाई नव्हे. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल सारे शासनाच्याच दप्तरी असताना वारसाने अर्जदार का व्हावे? दावा शासनानेच दाखल केला पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी प्रत्येक तालुक्यात अशा कुटुंबांचा शोध घ्यावा आणि त्यांच्यासह दावा चौकशी अधिकाऱ्याच्या कचेरीवर धडक द्यावी. याचना करण्यासाठी नव्हे, थकलेले देणे वसूल करण्यासाठी!