टीव्हीचा मॉनिटर आणि मुलांचे डोळे

घरचा स्वस्तातला टीव्ही संगणकाला जोडला तर मुलाचे डोळे बिघडतील काय, असे आजकाल अनेक पालक विचारतात. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो किंवा मुलगी शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेला बसणार असते. जुना सीपीयू मिळालेला असतो आणि वेगळा मॉनिटर कशाला घ्यायचा, असा विचार असतो. यात नवल काही नाही. १९८२ साली निघालेला स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक टीव्हीलाच जोडत असत.

टीव्हीतून किरणे निघतात ही भीती काचेच्या नळीच्या संचांच्या काळातली. आजच्या पडद्यात ती नळीच नाही. माझी हरकत वेगळी आहे.

बत्तीस इंची स्वस्त टीव्हीवर बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. चोवीस इंची साध्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० ठिपके मावतात आणि प्रत्येक ठिपका जवळपास निम्मा असतो. तोच टीव्ही टेबलावर ठेवून दोन फुटांवरून टंकलेखन केले, की अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात. आपल्या देवनागरीत तर रफार कुठला नि अनुस्वार कुठला, हेच कळत नाही. मग मूल डोळे बारीक करते, मान पुढे काढते आणि संध्याकाळी कपाळ दुखते म्हणते.

टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असेल तर आणखी वाईट. वर पाहताना पापण्या जास्त उघड्या राहतात. एकटक बघताना डोळ्यांची उघडझापही कमी होते. त्यात आपला वर्ध्याचा मे महिना आणि तोंडावर सोडलेला कूलर! डोळे चुरचुरणार नाहीत तर काय? कूलरचे तोंड बाजूला वळवा, हे मी चष्म्याच्या नंबराआधी सांगतो.

व्याख्याने पाहण्यासाठी मात्र हाच टीव्ही खुशाल वापरावा. सहा फुटांवर ठेवलेला टीव्ही हा नाकाशी धरलेल्या मोबाइलपेक्षा केव्हाही बरा. टीव्हीच्या मेनूत इनपुटला 'पीसी' नाव देता येत असेल तर द्यावे आणि 'शार्पनेस' उतरवावा. पुष्कळ संचांवर अक्षरे सुधारतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांबवर पाहावे. शाळकरी मुलांना रोज दोनेक तास उजेडात, बाहेर खेळू द्यावे. लांबचे अंधुक दिसण्याचा नंबर लागू नये यासाठी त्याचा उपयोग होतो.

पण रोज तीन-चार तास टंकलेखन असेल आणि टीव्ही नवाच घ्यायचा असेल, तर माझे मत स्पष्ट आहे. जवळपास तेवढ्याच पैशांत साधा मॉनिटर येतो, तोच घ्या. आणि तरीही महिनाभर डोके दुखतच राहिले, तर सेवाग्राम वा सावंगीच्या रुग्णालयात एकदा डोळे तपासून घ्या. कित्येकदा नंबर आधीपासूनच असतो आणि बोल मात्र टीव्हीला लागतो.